वॉटरशेड : घाटमाथ्यावरचा शब्द

इंग्रजी वर्तमानपत्रे नियमाने वाचणाऱ्याला 'वॉटरशेड' हा शब्द वारंवार भेटतो. कधी तो निवडणुकीच्या निकालाला जोडलेला असतो, कधी न्यायालयाच्या निवाड्याला, तर कधी कृषी खात्याच्या एखाद्या योजनेला. संदर्भावरून अर्थाचा अंदाज येतो आणि आपण पुढची ओळ वाचू लागतो. असा अंदाजाने कळलेला शब्द स्वतः वापरण्याची वेळ आली, की मात्र पंचाईत होते.

अनुवादाच्या एका वर्गात 'वॉटरशेड इलेक्शन' हा शब्दप्रयोग विद्यार्थ्यांपुढे ठेवला होता. एकाने 'ऐतिहासिक निवडणूक' असे भाषांतर केले. दुसरीने 'अत्यंत महत्त्वाची निवडणूक' असे लिहिले. कृषी पदवी घेऊन आलेल्या तिसऱ्याने थोडे अडखळत विचारले, "सर, पाणलोटातली निवडणूक?" वर्ग खो खो हसला. विचार केला तर तिघांपैकी तोच मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ उभा होता. पहिल्या दोघांना शब्दाचा मोठेपणा कळला होता, पण त्यातले पाणी दिसले नव्हते. तिसऱ्याला पाणी दिसले होते, पण ते निवडणुकीपर्यंत कसे पोहोचले ती वाट सापडत नव्हती. ही वाट शोधणे म्हणजेच शब्दाचा वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ दोन्ही शिकणे होय.

वाच्यार्थावाचून लक्ष्यार्थ नाही

आपल्या साहित्यशास्त्राने या वाटेला 'लक्षणा' असे नाव दिले आहे. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत. पहिली, शब्दाचा मुख्य अर्थ त्या वाक्यात बसता कामा नये. दुसरी, नव्या अर्थाचा मुख्य अर्थाशी काही संबंध असला पाहिजे. तिसरी, त्यामागे रूढी तरी असावी किंवा काही प्रयोजन तरी. गंगेवर गवळीवाडा आहे, असे म्हटले तर वाडा प्रवाहावर तरंगत नसतो, तो काठावर असतो, हे या शास्त्रातले नेहमीचे उदाहरण. काठाऐवजी 'गंगा' म्हटल्याने तिथला गारवा आणि पावित्र्य वाड्याला लाभते, हे त्यातले प्रयोजन.

इंग्रजी शब्द शिकताना आपण बहुधा दुसरी अट गाळतो. कोशात दोन अर्थ क्रमांक घालून छापलेले असतात. आपण हवा तो अर्थ उचलतो, परंतु एका क्रमांकावरून दुसऱ्यावर जाणारा पूल पाहत नाही. 'वॉटरशेड'च्या बाबतीत हा पूल पाहिला नाही, तर शब्दाचा निम्मा जीव हरवतो.

शेड म्हणजे छप्पर नव्हे

शब्दाची फोड सोपी वाटते : 'वॉटर' म्हणजे पाणी आणि 'शेड' म्हणजे पत्र्याची शेड. मग पाणी साठवण्याची जागा, पाण्यावरचे छप्पर असे काहीतरी चित्र मनात उभे राहते. ते चुकीचे आहे. छप्पर या अर्थाची 'शेड' आणि ही 'शेड' यांचे उच्चार व वर्णलेखन सारखे असले, तरी कुळे वेगळी आहेत. छपराच्या शेडचे नाते सावलीवाचक शब्दाशी लावले जाते. 'वॉटरशेड'मधली शेड मात्र 'वेगळे करणे, विभागणे' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदातून आली आहे. झाड पाने गाळते, साप कात टाकतो, माणूस अश्रू ढाळतो, या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत हेच क्रियापद येते. स्वतःपासून काही वेगळे करणे, हा त्यातला समान धागा.

जर्मन भाषेत याच कुळातले क्रियापद 'विभक्त होणे' या अर्थाने आजही रूढ आहे. घटस्फोटाचा जर्मन शब्दही त्यातूनच आला. पाणी विभागणाऱ्या रेषेला जर्मनमध्ये 'वासरशायडे' म्हणतात आणि इंग्रजी शब्द त्यावरून बेतला गेला असावा, असे मानले जाते. भाषाशास्त्रज्ञ हे कूळ आणखी मागे नेतात, तेव्हा आपल्या 'छिद्' धातूशी त्याचे दूरचे नाते जुळते. 'छेद', 'विच्छेद' हे आपले शब्द या अर्थाने 'शेड'चे लांबचे भाऊबंद ठरतात.

जुन्या इंग्रजीत आणि बोलींत केसांच्या भांगालाही हा शब्द लावीत असत. चित्र नेमके तेच आहे. भांगाच्या एका बाजूचे केस इकडे वळतात, दुसऱ्या बाजूचे तिकडे. डोंगरमाथा हा जमिनीचा भांग. 'वॉटरशेड' म्हणजे पाण्याचा भांग पाडणारी रेषा. मराठी भूगोलात तिला 'जलविभाजक' असा चोख शब्द आहे.

छपराचे चित्र ज्यांच्या मनात पक्के बसले असेल, त्यांनीही हिरमुसून जाण्याचे कारण नाही. त्यांनी पत्र्याऐवजी कौलारू घराचे दुपाखी छप्पर डोळ्यांसमोर आणावे. मधले आढे उंच, दोन्ही बाजूंना उतरती पाखी आणि खाली वळचण. आढ्यावर पडणारा पाऊस दोन्हीकडे वाटला जातो. कुळ वेगळे असूनही स्मरणासाठी हे चित्र उपयोगी पडते, फक्त लक्ष छपराकडे न देता आढ्याकडे द्यावे.

एक डोंगर, दोन समुद्र

हा शब्द कळण्यासाठी परदेशी नकाशा उघडावा लागत नाही. जगातील ठळक जलविभाजकांपैकी एक आपल्या दाराशी उभा आहे. तो म्हणजे सह्याद्री.

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटरवर आहे. गोदावरी मात्र त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि सुमारे १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच परिसरातल्या डोंगरांत वैतरणाही उगम पावते. ती पश्चिमेची वाट धरते आणि पालघर जिल्ह्यात अरबी समुद्राला मिळते. एकीच्या काठी नाशिक, पैठण, नांदेड ही शहरे वसली. दुसरीचे पाणी धरणांतून मुंबईकरांच्या नळाला येते. उगम शेजारी शेजारी, पण मुक्काम देशाच्या दोन टोकांना.

महाबळेश्वरला पंचगंगेच्या मंदिरात हेच दृश्य श्रद्धेच्या रूपाने दिसते. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या नद्यांची उगमस्थाने तिथे मानली जातात. त्यांतली कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर पूर्वेला जाते. सावित्री पश्चिमेचा कडा उतरून पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीला मिळते. गोमुखाशी हात धुणाऱ्या भाविकाला पाण्यात काही फरक जाणवत नाही. फरक पडतो तो उताराने.

शब्दाच्या लाक्षणिक अर्थाचे सारे बीज इथे आहे. माथ्यावर दोन थेंब वीतभर अंतराने पडतात. पडताना दोघांत काही भेद नसतो. परंतु एक रेषेच्या अलीकडे पडतो, दुसरा पलीकडे, आणि तिथून पुढे दोघांचा प्रवास कायमचा वेगळा होतो. ती रेषा नेहमी उंच सुळक्याचीच असते असे नाही. पठारावर जलविभाजक इतका सपाट असतो, की त्यावरून चालणाऱ्याला आपण तो केव्हा ओलांडला हे कळतही नाही. पुढे ओढ्याचे पाणी कोणत्या दिशेने वाहते ते पाहूनच मागची रेषा ठरवावी लागते.

माणूस ही रेषा कधी कधी मोडतोही. कोयना निसर्गतः कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, म्हणजे तिचे पाणी पूर्वेचे. परंतु धरणात अडवलेल्या त्या पाण्याचा मोठा भाग बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेला जातो, पोफळीला वीज निर्माण करतो आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतो. 'वळचणीचे पाणी आढ्याला जाणे' ही म्हण आपण अशक्य ते घडल्यावर वापरतो. इथे अभियंत्यांनी आढ्याच्या पलीकडचे पाणी अलीकडच्या वळचणीला आणले आहे.

माथ्यावरून पायथ्याशी

'वॉटरशेड' हा शब्द इंग्रजीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दिसू लागला, तो रेषा या अर्थाने. त्याच शतकाच्या उत्तरार्धात त्याचा आणखी एक अर्थ रूढ झाला. एखाद्या नदीला किंवा ओढ्याला ज्या क्षेत्रातून पाणी येऊन मिळते, ते संपूर्ण क्षेत्र. सीमेचे नाव सीमेच्या आतल्या प्रदेशाला मिळाले. अमेरिकेत आज हाच अर्थ प्रमुख आहे आणि रेषेला तिथे 'डिव्हाइड' म्हणतात. ब्रिटनमध्ये मूळ अर्थ टिकला आहे आणि क्षेत्राला 'कॅचमेंट' म्हणण्याची रीत आहे. त्यामुळे इंग्रजी मजकूर वाचताना तो अटलांटिकच्या कोणत्या काठावर लिहिला गेला, हे आधी पाहावे.

आपल्याकडच्या 'वॉटरशेड डेव्हलपमेंट'मध्ये क्षेत्राचा अर्थ आहे, म्हणून त्याला 'पाणलोट क्षेत्र विकास' म्हटले गेले. भाषांतर योग्यच आहे. मात्र मूळ अर्थातला माथा विसरला, तर नुकसान केवळ भाषेचे होत नाही. पाणलोटाच्या कामाचे पहिले सूत्र 'माथा ते पायथा' असे आहे. प्रथम डोंगराच्या वरच्या भागात सलग समतल चर खणायचे, झाडे व गवत राखायचे, उतारावर दगडी बांध घालायचे आणि मग खाली नाल्यात बंधारे बांधायचे. वरचे काम न करता खालीच बंधारा बांधला, तर पाणी वेगाने येते, सोबत माती आणते आणि काही पावसाळ्यांत बंधारा गाळाने भरतो. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार या अहिल्यानगर जिल्ह्यातील गावांनी जे साधले, त्याचा आरंभ डोंगरउतारावरच्या कामापासून आहे. पाणलोट म्हणजे केवळ पाणी साठण्याची जागा नव्हे, तर पाणी विभागले जाते त्या माथ्यापासूनचा सारा उतार, ही गोष्ट शब्दाच्या मुळातच सांगितलेली आहे.

मैलाचा दगड नव्हे, वळणही नव्हे

आता लाक्षणिक अर्थाकडे वळू. 'वॉटरशेड मोमेंट', 'वॉटरशेड इअर', 'वॉटरशेड इलेक्शन' अशा प्रयोगांत हे नाम विशेषणासारखे येते. ज्या घटनेमुळे आधीचा काळ आणि नंतरचा काळ यांचे प्रवाह वेगवेगळ्या दिशांना वाहू लागतात, ती घटना 'वॉटरशेड'. या व्याख्येत घटनेच्या भव्यतेचा उल्लेख नाही, हे ध्यानात ठेवावे. कसोटी आहे ती दिशेची.

जवळचे शब्द शेजारी ठेवले, की फरक स्पष्ट होतो. 'माइलस्टोन' म्हणजे मैलाचा दगड. तो किती अंतर कापले ते सांगतो, रस्ता बदलत नाही. 'टर्निंग पॉइंट' म्हणजे वळण. तिथे एकाच प्रवासाची दिशा बदलते, एका माणसाच्या आयुष्यातही असे वळण येते. 'क्रॉसरोड्स' म्हणजे चौक. तिथे निवड अजून व्हायची असते. 'वॉटरशेड'मध्ये निवड होऊन गेलेली असते आणि तिचा परिणाम एका माणसापुरता न राहता सगळ्या प्रदेशावर होतो.

क्रिकेटमधले उदाहरण घेऊ. सचिन तेंडुलकरने १६ मार्च २०१२ रोजी मिरपूर येथे शंभरावे आंतरराष्ट्रीय शतक पूर्ण केले. तो पराक्रम अपूर्व होता, परंतु त्याला 'माइलस्टोन' म्हणणेच उचित. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर कपिल देवच्या संघाने वेस्ट इंडिजला ४३ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तो दिवस मात्र 'वॉटरशेड'. तोवरच्या तिन्ही विश्वचषक स्पर्धा इंग्लंडमध्ये झाल्या होत्या. १९८७ सालची स्पर्धा प्रथमच इंग्लंडबाहेर, भारत आणि पाकिस्तानात झाली. पुढे या खेळातला पैसा, प्रेक्षक आणि सत्ता भारतीय उपखंडाकडे वाहत आली. सामना एकच होता, पण उतार बदलला.

राजकारणातले उदाहरण १९७७ सालच्या लोकसभा निवडणुकीचे. काँग्रेस पक्ष केंद्रातील सत्तेवरून प्रथमच दूर झाला. जनता पक्षाचे सरकार अल्पायुषी ठरले आणि १९८० साली काँग्रेस परतलीही. म्हणून ती निवडणूक 'वॉटरशेड' नव्हती, असे कोणी म्हणेल. परंतु केंद्रातील सत्ता मतपेटीतून बदलू शकते, हे एकदा सिद्ध झाल्यावर भारतीय मतदार पूर्वीच्या समजुतीकडे परत गेला नाही. सरकार टिकले की नाही, यापेक्षा प्रवाहाची दिशा टिकली की नाही हे पाहणे, ही या शब्दाची शिस्त.

महाराष्ट्राच्या जीवनातील १९७२ सालचा दुष्काळ हे तिसरे उदाहरण. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकारलेली रोजगार हमी योजना त्या दुष्काळात राज्यभर राबवली गेली. १९७७ साली तिचा कायदा विधिमंडळाने मंजूर केला आणि काम मागणे हा ग्रामीण माणसाचा हक्क मानला गेला. २००५ साली केंद्राने केलेल्या रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. दुष्काळ त्याआधीही पडत होते. या दुष्काळानंतर मात्र शासनाच्या दुष्काळाकडे पाहण्याच्या दृष्टीत पालट झाला. पाणी नसलेल्या वर्षाला 'पाण्याचा विभाजक' म्हणावे लागते, हा शब्दाचा योगायोग.

रात्रीचे नऊ आणि पडद्यावरचे पूर

ब्रिटनमध्ये हा शब्द घड्याळालाही लावला जातो. तिथल्या दूरचित्रवाणीवर मुलांना अयोग्य ठरणारे कार्यक्रम रात्री नऊपूर्वी आणि पहाटे साडेपाचनंतर दाखवता येत नाहीत. नऊच्या या वेळेला 'वॉटरशेड' म्हणतात. लंडनमधील नातेवाइकांकडे गेलेल्या मराठी पाहुण्याने 'आफ्टर द वॉटरशेड' हे शब्द ऐकले, तर त्याने नदी शोधू नये. संध्याकाळचा प्रवाह आणि रात्रीचा प्रवाह यांमधली ती रेषा आहे.

संगणकशास्त्रानेही हा शब्द उचलला आहे, तोही वाच्यार्थासकट. सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रात एकमेकींना चिकटलेल्या पेशी वेगळ्या ओळखण्यासाठी 'वॉटरशेड' नावाची पद्धत वापरतात. चित्रातल्या उजेडाच्या चढउतारांना डोंगरदऱ्या मानायचे आणि दऱ्यांत पाणी चढू द्यायचे. दोन दऱ्यांतली पाणी जिथे भेटतील, तिथे बांध घालायचा. तोच बांध दोन पेशींमधली सीमा.

वापरताना काय जपावे

हा शब्द इंग्रजीत लिहिताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक, त्याला तर-तम भाव लावू नये. रेषा असते किंवा नसते, 'अधिक वॉटरशेड' अशी काही वस्तू नाही. दोन, आज घडलेल्या घटनेला आजच हे विशेषण देण्याची घाई करू नये. जलविभाजक पुढच्या ओढ्यावरून ओळखावा लागतो, हे आपण वर पाहिलेच. निकालाच्या रात्री दिलेली अशी बिरुदे पुढल्या निकालापर्यंत विसरली जातात.

मराठीत याला काय म्हणावे? भूगोलात रेषेसाठी 'जलविभाजक' आणि क्षेत्रासाठी 'पाणलोट क्षेत्र' हे शब्द पक्के आहेत. लाक्षणिक अर्थासाठी 'ऐतिहासिक' हा शब्द फार सैल आहे, कारण तो उद्घाटनांपासून युद्धांपर्यंत सर्वांना पुरतो. 'युगप्रवर्तक' पुष्कळदा जड होतो. 'कलाटणी देणारी घटना' बऱ्याच ठिकाणी चालेल, पण त्यात दोन बाजूंची जाणीव येत नाही. 'या घटनेपासून दोन काळ वेगळे झाले' असे सरळ वाक्य लिहिणे अनेकदा सर्वांत उत्तम.

आणखी एक शब्द मात्र आपल्याजवळच आहे. सह्याद्रीच्या माणसाने या रेषेला पिढ्यान्पिढ्या 'घाटमाथा' म्हटले आहे. घाटमाथ्याच्या एका अंगाला कोकण, दुसऱ्या अंगाला देश. तिथे पाऊस बदलतो, पीक बदलते, बोली बदलते आणि ताटातली भाकरीही बदलते. 'या निवडणुकीने राज्याच्या राजकारणाने घाटमाथा ओलांडला' असे वाक्य एखाद्या अग्रलेखात आले, तर खुलाशाची गरज पडणार नाही. शब्द मुख्य अर्थाने तिथे बसत नाही, संबंध उघड आहे आणि प्रयोजनही आहे. मम्मटाच्या तिन्ही अटी पुऱ्या होतात.

त्या वर्गातल्या कृषी पदवीधराला शेवटी हेच सांगितले होते. त्याचा पाणलोट चुकीचा नव्हता, त्याला फक्त डोंगर चढून माथ्यापर्यंत जायचे होते. पुढच्या तासाला त्याने भाषांतर लिहून आणले : 'जिच्यानंतर मतांचे पाणी दुसऱ्या खोऱ्यात वाहू लागले, ती निवडणूक.' वाक्य वर्तमानपत्राच्या मथळ्यात मावण्याजोगे नव्हते. या वेळी वर्ग मात्र हसला नाही.